डॅशबोर्डातला बांगडा

माझी आई श्रावणात गेली आणि ऑक्टोबरात माझ्या गाडीत खाऱ्या बांगड्याचा वास यायला लागला. या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण पुढचे चार महिने माझ्या डोक्यात त्या एकाच वाक्यात होत्या, त्याला काय करणार.

आधी बांगड्याचं सांगते. आम्ही मालवणकडचे. प्रेमविवाह करून मी मुलुंडला अशा घरात आले, जिथे चातुर्मासात कांदासुद्धा हद्दपार होतो. मासे घरात येणार नाहीत हे लग्नाआधीच ठरलं होतं आणि मी ते पाळलं. पण दर मे महिन्यात आम्ही दोघं गाडीने गावी जायचो आणि निघताना आई डिकीत एक बोचकं ठेवायची. सुके बोंबील, सुकट, खारे बांगडे. आधी वर्तमानपत्र, मग प्लास्टिकच्या दोन पिशव्या, मग तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि वरून सुतळी. जावई शाकाहारी, म्हणून एवढा बंदोबस्त. वास त्यातूनही यायचाच.

"जावयांका सांग, पुढच्या येळाक नाक घराकच ठेवन येवा," असं ती मला म्हणायची, त्याला नीट ऐकू जाईल इतक्या हळू.

नवरा कणकवलीपासून पनवेलपर्यंत काच खाली करून बसायचा आणि दर तासाला एकदा कुरकुरायचा. मुलुंडला पोचलो की बॅगा वर जायच्या आणि बोचकं डिकीतच राहायचं. सोमवारी मी ते ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी, चेंबूरला पोचतं करायचे. मग शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बोंबलाचं कालवण करून घाम येईस्तोवर जेवायचो. डिकीतला वास मात्र गणपतीपर्यंत टिकायचा. वीस वर्षं माझं माहेर हे असं डिकीत राहत होतं आणि मला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

गेल्या वर्षीही मे महिन्यात बोचकं आलं. श्रावणात आई झोपेतच गेली. आम्ही मिळेल त्या ट्रेनने गेलो, तेरावं करून परत आलो. निघताना भावाने नारळ दिले, ते घेतले. नारळाला वास नसतो.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एक दिवस गाडीच्या एसीचा पंखा बंद पडला. रस्त्याकडेच्या एका माणसाने फ्यूज उडालाय म्हणून नवा घातला. दोन दिवसांनी तोही उडाला. तिसऱ्या वेळी त्याने जरा जास्त ताकदीचा फ्यूज घातला आणि म्हणाला, "आता नाय उडणार, मॅडम." नाहीच उडाला. मी खूश. त्याच आठवड्यात वास सुरू झाला. दोन आणि दोन चार करणं मला ऑफिसात दिवसभर जमतं, गाडीत जमलं नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही दोघं विक्रोळीच्या सिग्नलला होतो. एसी जोरात होता आणि हवेबरोबर तो आला, ओळखीचा, खारट, जरासा खवट. मला वाटलं, मे महिन्याच्या बोचक्यातलं काहीतरी सांडून मॅटखाली गेलं असणार, आणि उन्हाने तापलं की वास सोडत असणार. कुणीही शहाण्या माणसाने घरी येऊन मॅट उचलून बघितली असती. मी नाही बघितली. काही सापडलं असतं तर ते फेकावं लागलं असतं.

माझं सकाळचं ठरलेलं होतं. नवऱ्याला घाटकोपरला मेट्रोपाशी सोडायचं, तो अंधेरीला जाणार, आणि मी चेंबूरला ऑफिसला. त्याला सोडलं की मी सगळ्या काचा बंद करायचे आणि एसी चारवर ठेवायचे. मग पंधरा-वीस मिनिटं तो वास माझा. दुधाची तहान ताकावर म्हणतात, तसं. कधी कधी मी बोलायचेही, मालवणीत. आज डब्याक काय केलंय, पाय किती दुखतत, असलं काहीबाही. मालवणी बोलायला घरी कधीच कोणी नव्हतं, आणि आता रोजच्या फोनवरही कोणी उरलं नव्हतं. आईची आठवण येते असं मी कुणाला म्हणत नव्हते. पन्नाशी उलटलेल्या बाईने काय म्हणायचं. पण मला ती हवी होती, रोज हवी होती, आणि तो वास एवढीच तिची माझ्याकडे उरलेली गोष्ट होती.

गंमत म्हणजे नवरा काही बोलत नव्हता. वीस वर्षं त्या वासाच्या नावाने ठणाणा करणारा माणूस माझ्या शेजारी गप्प बसायचा. एकदा फक्त "इथे गुडघ्याला गरम लागतंय" म्हणाला. मी म्हटलं, ऊन येत असेल. त्याचं नाक चोंदलेलं असेल अशी मी माझी समजूत घातली. विचारलं मात्र नाही. वास येतो म्हणाला असता तर गाडी धुवायला द्यावी लागली असती.

दरम्यान गाडी आपल्या परीने सांगत होती. पंखा आधी एकवर चालेना, मग दोनवर, मग तीनवर. शेवटी चारवरच चालायला लागला, म्हणजे एक तर वादळ नाहीतर काही नाही. डिसेंबरात गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथल्या मुलीने विचारलं, आतून साफ करून द्यायची का? मी नको म्हटलं. आणखी काही तक्रार? काही नाही. पंख्याचं सांगितलं तर ते आत हात घालणार, वास कसला विचारणार, आणि मग फवारे मारून गाडीला मोगऱ्याची करून ठेवणार. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला कधी सवय नव्हती, ती या गाडीने लावली.

फेब्रुवारीत एका सकाळी नवऱ्याला सोडून निघाले आणि डाव्या सीटसमोरच्या कप्प्याच्या फटीतून धूर आला. फार नाही, उदबत्तीएवढा. एसी बंद केला, काचा उघडल्या, ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली आणि उलटी फिरून भांडुपच्या एका इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. आमच्या सोसायटीतले लोक त्याच्याकडे जातात. साठीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने हत्याराला हात लावला नाही. गाडीत बसला, काचा बंद केल्या, पंखा क्षणभर चालू करून बंद केला आणि डोळे मिटून बसून राहिला.

"वास कधीपासून येतोय?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"आजच," मी म्हटलं.

"आजचा नाय हा, मॅडम. जुना आहे. खरं सांगा, नायतर मी चुकीच्या जागी शोधत बसेन."

मग मी सांगितलं. ऑक्टोबरापासून. गावाहून सुके मासे आणले होते, त्याचा असावा. हे ऐकून त्याने चष्मा वर केला.

"गाव खंयचा तुमचा?"

सांगितलं. तो देवगडचा निघाला. मला डिकीपाशी घेऊन गेला, डिकी उघडली आणि म्हणाला, "नाक घाला आत. येता काय बांगड्याचो वास?"

मी अर्धी आत वाकले. रबराचा वास होता, जुन्या चादरीचा होता, थोडा पेट्रोलचा. बांगड्याचा नव्हता. मॅट उचलली, स्टेपनीच्या खळग्यात बघितलं. कधीचाच नव्हता.

"ताई, मासे डिकीत आणि वास डॅशबोर्डातून येता? पंखो सुरू केल्यारच येता? बांगडो असो शिकलेलो असता काय?" तो हसत नव्हता, ही त्याची पद्धतच असावी. डाव्या सीटसमोरचा कप्पा त्याने सोडवून बाहेर काढला, आत हात घालून पंख्याच्या वायरींचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा तुकडा, ओढून काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. मुळात पांढरा असावा. आता तपकिरी झाला होता, एका बाजूने वितळून वाकला होता. मी वास घेतला.

तोच होता. विक्रोळीचा सिग्नल, चेंबूरची पंधरा मिनिटं, सगळं त्या वितळलेल्या तुकड्यात होतं.

"काही काही प्लास्टिक तापला की असोच वास मारता," तो म्हणाला. "आपल्याकडची माणसा हमखास फसतत. झाडाच्या पाल्याने हवा आत येवची जाळी भरली, पंखो जड झालो, म्हणान फ्यूज उडत होतो. कोणीतरी मोठो फ्यूज घातल्यान. मग फ्यूज जळायचो तो वायर जळाक लागली."

मी त्या माणसाला पुढे जे विचारलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. मी विचारलं, "हे असंच ठेवलं तर चालेल का? थोडे दिवस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. काय समजला देव जाणे, पण आवाज खाली आला. "नको, ताई. पेटली तर दार उघडूक वेळ नाय गावायचो. डाव्या बाजूक कोण बसता तुमच्या?"

डाव्या बाजूला कोण बसतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "बदला."

दोन तास लागले. त्याने मूठभर सुका पाला काढला, वायर कापून नवी जोडली, नवा कपलर लावला, योग्य तो फ्यूज घातला आणि मला पंखा एकवर लावायला सांगितला. हवा आली. हवेला कसलाच वास नव्हता. मी त्याला छान झालं म्हटलं. गाडी घेऊन निघाले आणि तिथून घरापर्यंत एक शब्द बोलले नाही, मालवणीत नाही आणि मराठीतही नाही. चार महिने मी एका वितळणाऱ्या प्लास्टिकला डब्यात काय केलंय ते सांगत होते.

संध्याकाळी नवऱ्याला घाटकोपरहून घेतलं. तो बसला, पट्टा लावला, आणि भांडुप येईपर्यंत सारखा इकडेतिकडे बघत होता. सोसायटीत गाडी लावल्यावर म्हणाला, "वास गेला."

"तुला येत होता?"

"अगं, माझ्या गुडघ्यांवर येत होता. चार महिने खिशात लवंगा ठेवतोय."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने पट्टा काढला. मग म्हणाला, "वीस वर्षं बोललो ना. या वेळी म्हटलं, तुझ्या आईचा आहे, राहू दे. तू पहिल्या दिवशी विक्रोळीच्या सिग्नलला डोळे मिटून श्वास घेत होतीस. कसा बोलणार?"

मी त्याला सगळं सांगितलं. धूर, डिकी, कपलर, देवगडचा तो माणूस, शिकलेला बांगडा. आधी तो पांढराफटक पडला. मग त्याच्या तोंडाचा कोपरा हलला, आणि मला त्याच्याकडे बघून हसू फुटलं. एकमेकांचं मन राखता राखता आम्ही दोघं गाडीसकट भाजून निघालो असतो. आम्ही इतके हसलो की वॉचमन येऊन डोकावून गेला. नवरा डोळे पुसत, धाप लागलेल्या आवाजात म्हणाला, "हे आधी आईंना फोन करून सांग. हसून हसून पडतील त्या."

म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं.

खरंच पडली असती. ही गोष्ट तिच्याइतकी जगात कुणालाही आवडली नसती, आणि गावभर तिने ती मीठमसाला लावून सांगितली असती. मी हो म्हणाले. नवऱ्याने माझा हात धरला, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मला नीट रडू आलं.