बाबांचा चष्मा आधी कमळीकडे!

सगळ्यात आधी कोण पोहोचलं? आमची शेजारीण कमळी! वेणीसुद्धा न घालता. टोकरखाड्यातला, आपल्याला हक्क मिळवून देणाऱ्या बाबांचा पुतळा आज दुरुस्तीला घेतला ना! कारागिरांनी जुना रंग खरवडण्याआधी पुतळ्याचा चष्मा काढला आणि सांभाळायला दिला कमळीला. रोज स्टुलावर चढून तो चष्मा पदराने पुसते मी! असा जळफळाट झाला बायांनो.

आणि कारागीर मला म्हणतात, "मावशी, चहा आणा." आणला. साखर घातलीच नाही.

दुपारी कमळी दारात. "अक्का, माझी नातवंडं धिंगाणा घालतात, फुटला तर? तुझ्या कपाटात ठेव."

आता चष्मा माझ्या लुगड्यांत आहे, आणि मी गालात हसतेय! पण बाबांना तो चढवताना कमळीलाही हात लावू देऊ का? लवकर सांगा, कारागीर गुरुवारी परत येतो म्हणालेत.