कापसाखालचा तळखडा

भूमिती शिकवून निवृत्त झाल्यावर मी जिल्ह्यातील जुनी राहती घरे एस.टी.ने फिरून पाहू लागले. कामाला पद्धत लावल्यावाचून मला राहवत नाही. एका फेरीत एकच घर. आधी दर्शनी भाग, मग ओसरी, मग माजघर, आणि प्रत्येकाचे मोजून काढलेले चित्र. घर नेहमी बाहेरून आत पाहत जावे. राहणाराही तसाच आत शिरत असतो.

पुसदच्या घराची मात्र मला घाई होती. तेथे एका शेतकरी कुटुंबाच्या माजघरात कोरीव सागवानी खांब आहेत आणि हंगाम आटोपला की ते घर पाडणार आहेत, असे एका मैत्रिणीने कळवले होते. दारव्हा गेले, दिग्रस गेले. प्रत्येक थांब्यावर मी घड्याळ पाहत होते आणि चालक चहाला उतरला की मनातल्या मनात त्याला परत बोलावत होते.

जन्म या कापूसपट्ट्यात गेला, तरी वेळ निवडताना चुकलेच. वेचणी आटोपली होती आणि माजघर पुरुषभर उंचीपर्यंत कापसाने भरलेले होते. भाव चढेपर्यंत कापूस घरात ठेवायचा आणि माणसांनी ओसरीत निजायचे, ही आपल्याकडची रीत मी विसरले कशी?

घरधन्याने समजावून सांगितले, "भाव आला का कापूस जाईन. कापूस गेला का घर पाडतो. मजूर सांगून ठेवले हायेत. मंधात येऊन पाहा न मोकयं."

"मंधात म्हणजे कधी?" त्याची बायको म्हणाली. "तुमचा धीर मले मालूम हाय. टेम्पो निंघाला का कुदळ घेसान." मग माझ्याकडे वळून तिने मार्ग सुचवला, "बाई, पाय धुवा अन् चढा वर. कापूस तुडवून दाबाले आम्ही चढतोच न."

शाळेतल्या पोरांनी पाहिले तर काय म्हणतील, असे घरधन्याने हसत विचारले. मी पाय धुतले आणि तिचा हात धरून चढले. गुडघ्यापर्यंत रुतत, रांगत मी पहिल्या खांबापाशी पोहोचले.

खांबाच्या माथ्यावर तुळई पेलण्यासाठी आडवा लाकडी तुकडा बसवतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना खाली झुकलेली केळफुले कोरतात. जमिनीवरून ती सारखीच दिसतात. येथे ती माझ्या नाकासमोर होती. डावीकडचे फूल खोल, पाकळी न् पाकळी सुटी केलेले, उजवीकडचे उथळ. कारागीर दोन असावेत, किंवा एकच आणि शेवटी घाईत आलेला. मी दोन्ही फुले मोजून वहीत उतरवून घेतली.

ती बाईही माझ्या मागोमाग वर आली होती. फुलावरून बोट फिरवत म्हणाली, "इतके वर्स झाले, मी हे पाह्यलंच नाही. तुडवाच्या वक्ती खालीच पाहा लागते."

पण खांबाचा खालचा भाग आणि तळखडा, म्हणजे ज्या दगडावर खांब उभा असतो तो, कापसाखाली गाडलेला होता. शेवटच्या गाडीने मी अर्धे चित्र घेऊन परतले.

त्यानंतर रोज सकाळी वर्तमानपत्रात मी आधी कापसाचा भाव पाही. तो स्थिर दिसला की बरे वाटे आणि लगेच ते बरे वाटणे बोचू लागे. एका घराच्या वर्षभराच्या कष्टाला दर चांगला मिळू नये, असे मला वाटत होते का? तसे नव्हते. मला फक्त तो दगड पाहायचा होता. पण दोन्ही गोष्टी एकाच भावावर अडकलेल्या होत्या.

एका सकाळी ठरलेल्या क्रमाने मी पुढच्या घरासाठी राळेगावच्या गाडीत बसले. खिडकीजवळची जागाही मिळाली होती. मागच्या बाकावर भाव चढल्याची चर्चा चालली होती. त्यातल्या एकाने मलाही विचारले, "बाई, तुमच्या घरी हाय का कापूस?"

"पुसदला आहे," मी म्हणाले आणि पिशवी उचलून खाली उतरले. क्रम मोडण्याची मला सवय नाही. पुसदची गाडी लागेपर्यंत मी फलाटावर फेऱ्या घालत राहिले.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता, आणि गठ्ठे पाठीवर घेतलेली माणसे आत-बाहेर करीत होती. दारात मला पाहून ती बाई म्हणाली, "आल्या का? या, एक खांब मोकया झाला." घरधनी खुशीत होता. कुदळी ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

मी जमिनीवर बसले. तळखडा चौकोनी आणि अगदी साधा होता. त्यावर ना नक्षी, ना गोलाई. एका कोपऱ्याला तो किंचित झिजला होता, कारण तेथून स्वयंपाकघराकडे वळावे लागे. पट्टी लावून मी मोजू लागले, तेव्हा घरधन्याच्या बायकोने ओसरीकडे आवाज दिला, "थांबा जरा. बाईचं मोजणं होऊ द्या."