खोगिराखालची गादी

चिंचपोकळीच्या गाळ्यात खोगिरं शिवणारा तो म्हातारा बोलता बोलता समोरच्याच्या पाठीवर तळहात ठेवतो. ती शाबासकी नसते. हात मणक्यावरून हळूहळू खाली जातो, एखाद्या जागी थांबतो आणि बोलणं तसंच चालू राहतं. म्हणून मी त्याच्याकडे गेलो की भिंतीला टेकूनच उभा राहतो.

लांबच्या रपेटीसाठी मी माझ्या घोडीच्या खोगिराखाली घालायला एक जाड, लुसलुशीत गादी घेतली होती. महिनाभर ती घालून सरावही केला होता. ती बरोबर आहे ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याने ती अंगठ्याने दाबली.

"मऊ कोणासाठी घेतलीस? तुला की घोडीला?"

"दोघांना."

"वाक."

मी हसलो. तो हसला नाही. मी गुडघे टेकून ओणवा झालो. त्याने पाठीवर गादी टाकली, वर खोगीर ठेवलं आणि दोन्ही हातांनी भार दिला. मग तो दुसऱ्याच कुठल्या खोगिराविषयी बोलत राहिला. आधी बरं वाटलं. हळूहळू गादी चेपली आणि मणक्याशी काहीतरी रुतायला लागलं. बास म्हणायचं होतं, पण त्याचं बोलणं संपायची वाट बघत तसाच ओणवा राहिलो.

शेवटी खोगीर उचलून त्याने पाठीवरून हात फिरवला आणि दुखत होतं नेमका तिथेच थांबवला. "इथं. तू पण नाय बोललास."

दुसऱ्या दिवशी तबेल्यात घोडीने नेहमीसारखी मान माझ्या खांद्यावर टेकवली. तिच्या पाठीवर त्याच जागी तळहात ठेवायला माझा हात उठेना.