वर्नाने निवडलेले शर्ट

ग्रीअर्स गॅपमध्ये पुरुषाला शर्ट घ्यायचा झाला की तो वर्ना टॅकेटकडे जाई. दुकानाचे मालक तीनदा बदलले, वर्ना मात्र एकतीस वर्षं त्याच काउंटरमागे उभी होती. टेनेसीच्या त्या डोंगराळ गावात निम्म्याहून जास्त पुरुषांच्या कंबरेला पिस्तूल असे, आणि ते कुणाला दिसू नये हीच खरी सभ्यता. ज्याचं दिसलं त्याला बायका हसत, फाटका बनियन मिरवणाऱ्याला हसावं तशा. 'तुझ्याकडे आहे का?' असं विचारणं तर त्याहून असभ्य. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा सगळ्या गावाचा कायदा.

वर्ना विचारत नसे, बघत असे. एखादा दारातून आत आला की त्याचं कोपर अंगाशी किती चिकटलंय यावरून ती ओळखे. त्याने पातळ, अंगाला चिकटणारा टीशर्ट उचलला की ती तो काढून घेई. "यात तुमची बेंबीसुद्धा दिसेल," म्हणे. मग गडद चौकडीचा, जाड सुती कापडाचा शर्ट पुढे करी. एक माप मोठा, दोन नाही, कारण दोन मापं मोठा घातला की भला माणूसही चोरासारखा दिसतो. खालचा काठ सरळ, आणि लांबी मागच्या खिशाच्या अर्ध्यापर्यंत. एवढं झालं की ती त्याला वरच्या फळीवरचा टोपीचा खोका काढायला लावी. हात वर करताच काठ पट्ट्याच्या वर सरकला, तर तो शर्ट परत दांडीवर. गिऱ्हाइकाने कितीही गयावया केली तरी.

तिचा नवरा डॉइल जन्मभर लाकडाच्या वखारीत राबला. दोन वर्षांपूर्वी तो नावं विसरू लागला, मग रस्ते, आणि डॉक्टरांनी त्या विसरण्याला एक लांबलचक नाव दिलं. रात्री उठून येरझारा घाली, म्हणून त्याची खाट वेगळ्या खोलीत हलवली. दिवसा त्याच्याजवळ राहायला वर्नाने दुकान सोडलं. मार्चमध्ये मुलीने, डार्लाने, त्याचं पिस्तूल काढून आपल्या घरी नेलं. डार्ला दिवसभर कामावर असे, आणि तिची पाच वर्षांची जोसी सकाळपासून आजीआजोबांकडे. डार्लाने आईला बजावलं होतं की या घरात पुन्हा पिस्तूल दिसलं तर पोरगी इथे पाऊल टाकणार नाही. वर्नाने शब्द दिला होता. जोसीवाचून तिचा दिवस उगवत नसे, हे डार्लालाही ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये हिवाळ्यासाठी टोमॅटो बरण्यांत भरायचा दिवस आला. डॉइल स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या बरण्या काढत होता. तो डळमळेल म्हणून वर्नाने त्याची कंबर दोन्ही हातांनी धरली, आणि तिच्या उजव्या हाताला काहीतरी टणक, कोनदार लागलं.

ते काय आहे हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. डॉइलचे हात छतापर्यंत गेले होते आणि शर्टाचा काठ बोटभरही वर सरकला नव्हता. शर्ट तिनेच निवडलेला. साऱ्या गावाची पिस्तुलं उंबऱ्यावरून ओळखणारी बाई, आणि स्वतःच्या दिव्याखाली हा अंधार.

तिने त्याला खाली उतरवलं, टेबलाशी बसून शेंगा सोलणाऱ्या जोसीला शेजारच्या अंगणात पिटाळलं आणि हे कुठून आलं म्हणून विचारलं. डॉइलने सरळ सांगितलं, हॉइटने दिलं. हॉइट साइझमोर त्याचा पन्नास वर्षांचा दोस्त, रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा. वर्नाने त्याला फोन लावला.

"हो, दिलं की," हॉइट म्हणाला. "ईस्टरला. त्याचं कुणीतरी चोरलं म्हणाला. रिकाम्या कंबरेने हिंडायची लाज वाटत होती बिचाऱ्याला."

"भरलेलं दिलंस?"

"रिकामं देऊन काय माशा मारायच्या?"

"मला एका शब्दाने विचारलं नाहीस, हॉइट?"

"विचारायचं काय त्यात? दर रविवारी तो तुझ्या पसंतीचा शर्ट घालून येतो. सरळ काठाचा, एक माप मोठा. आम्हा सगळ्यांना वाटलं, तूच त्याला असा तयार करून पाठवतेस."

पिस्तूल गेल्यावरही वर्ना सवयीने तसेच शर्ट आणत राहिली होती, आणि अख्ख्या चर्चने ते शर्ट म्हणजे तिची संमती असं धरलं होतं. ईस्टरपासून सगळ्यांना माहीत होतं. सभ्य माणसं होती ना, कोण विचारणार! तिला गावाचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मग तिला गेला मंगळवार आठवला. डार्ला जोसीला न्यायला मागच्या दाराने आत आली, तेव्हा डॉइलने तिला ओळखलंच नव्हतं. "कोण गं तू? आत कुणी घेतलं तुला?" असं तो दरडावत होता आणि त्याचा उजवा हात शर्टाच्या काठाशी चाळा करत होता. बटण तुटलंय असं वाटून वर्ना हसत सुईदोरा शोधायला गेली होती. जोसी तेव्हा आईच्या पायांना बिलगून उभी होती. तो हात काय शोधत होता हे तिला आत्ता कळलं.

हॉइट 'मी येऊन काढून घेतो' म्हणाला. तिने त्याला घराकडे फिरकायचं नाही असं सांगून फोन ठेवला. ती डॉइलकडे गेली आणि हळूच म्हणाली, "ते मला दे." त्याने कंबर झाकून घेतली. "एकदा चोरलंत. पुन्हा नाही," तो म्हणाला. त्याची नजर अनोळखी होती.

आता ओढाताण केली तर काय होईल, हे तिला समजत होतं. तेव्हा तिला दुकानातली रीत सुचली. माप घेताना गिऱ्हाइकाने आपलं पिस्तूल आपल्याच हाताने काउंटरवर ठेवायचं, नळीचं तोंड भिंतीकडे करून. इतक्या वर्षांत एकानेही का कू केली नव्हती. तिने खणातून टेप काढून गळ्यात टाकली आणि काउंटरवरच्या आवाजात म्हणाली, "या मिस्टर टॅकेट. नवा माल आलाय. आधी माप घेऊ तुमचं."

डॉइल ताठ उभा राहिला. चेहऱ्यावर जुनं, अदबीचं हसू आलं. शर्ट बाजूला करून त्याने पिस्तूल काढलं, तोंड भिंतीकडे करून टेबलावर ठेवलं आणि हात पसरले. वर्नाने त्यावर फडकं टाकलं, ते उचलून पाठीमागच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

"जपून हं बाई, भरलेलं आहे," तो म्हणाला. "एरवी दिवसभर अंगावरून काढत नाही मी. लहान नात असते आमच्याकडे, पोरीच्या हाती लागलं म्हणजे? रात्री बुटात दडवून ठेवतो. तिथे कोण बघतंय!"

रोज सकाळी आल्या आल्या आजोबांचे बूट खाटेखालून ओढून त्यांच्या पायाशी आणून ठेवायचं काम जोसीचं होतं. ते तिने कुणालाही करू दिलं नसतं.

डॉइल हात पसरून वाट बघत होता. वर्नाने टेप त्याच्या छातीभोवती आणली, पण तिला आकडा काही वाचता येईना.