पिसाच्या सात पायऱ्या

मुलुंड पूर्वेच्या नवप्रभात मंडळाचा देखावा बघायला पार ऐरोलीपासून माणसं येतात, ती काही कमिटीची तोंडं बघायला येत नाहीत. येतात ती काशीराम मेस्त्रीच्या हातासाठी. कमिटीतल्या कोणाला हे झोंबलं तर झोंबू दे, खरं ते खरं.

काशीराम मूळचा मालवणकडचा. बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडली तसं बिऱ्हाड मुलुंडला आलं, आणि पोरगा इथल्याच एका कारखान्यात पॅटर्न मेकर म्हणून लागला. म्हणजे काय, तर लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा. नमुना सूतभर चुकला की पुढचा सगळा माल भंगारात. चौतीस वर्षं हा माणूस असा सुतासुतावर जगला आणि तीच खोड त्याने गणपतीत आणली. दरवर्षी जगातली एक नामांकित वास्तू. पॅरिसचा मनोरा, लंडनचं घड्याळ, जपानच्या देवळातला तो अजस्र लाल कंदील. थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गल्लोगल्लीच्या डेकोरेटरांची वाट लागली. हा गडी मात्र आठवड्याभरात पुठ्ठा, प्लाय आणि शाडूवर आला, आणि वर म्हणतो कसा, "बरं झालं, ते थर्माकोल फार खोटं दिसायचं." असा माणूस शोधून सापडणार नाही.

आणि गंमत अशी की अख्ख्या मुलुंडला जग फिरवून आणणारा हा माणूस स्वतः मालवणच्या पलीकडे गेलेला नाही. पासपोर्टच काढलेला नाही त्याने.

मग माहिती कुठून? जाऊन आलेल्यांकडून. आता मुलुंडात परदेशी न गेलेलं घर शोधावं लागतं. कोणी टूरवाल्यांबरोबर युरोप करतं, कोणी मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जातं. माणूस परतला, बॅगा उघडल्या, चॉकलेटं वाटायची आहेत, तोवर काशीराम दारात हजर. हातात लांबडी वही, कानावर पेन्सिल.

"पायथ्याला काय होतं? पायऱ्या किती? दगड गुळगुळीत की खरखरीत?"

आणि उत्तरं ऐकाल तर कपाळाला हात लावाल. तिसऱ्या मजल्यावरची तेजल पॅरिसहून आली तेव्हा म्हणाली, "काका, रांग खूप होती हो. आणि थंडी." काशीरामने प्रामाणिकपणे वहीत लिहिलं, 'पॅरिस : रांग, थंडी.' त्याखाली कोणाचं, 'व्हेनिस : पाण्याला वास. मुखवट्यांचा सण झकास.' त्याखाली, 'बँकॉक, पाण्याचा सण : भिजलो.' जपानच्या त्या कंदिलाच्या बुडाशी लाकडात ड्रॅगन कोरलाय, हे त्याला शेवटी एका पुस्तकात सापडलं. त्या कंदिलाखालून चालत गेलेल्या सात मुलुंडकरांपैकी एकानेही मान वर केली नव्हती.

फोटो मात्र ढिगाने. आणि प्रत्येक फोटोत ही मंडळी स्वतः पुढे उभी. वास्तूचं वरचं सगळं दिसायचं, खालचं चार-पाच फूट माणसांनी झाकलेलं. म्हणाल, मोबाइलवर काय मिळत नाही? मिळतं ना. मंडळाचा सेक्रेटरी निलेश हवे तेवढे फोटो शोधून दाखवायचा. पण दगड हाताला गार लागतो का, पायरी पायाला कशी लागते, हे फोटोत कुठून कळणार? मग काशीराम दरवर्षी पायथ्याशी क्रोटनच्या कुंड्या लावून मोकळा व्हायचा. लोक म्हणत, वा! आणि हा मनातल्या मनात म्हणे, ही चोरी आहे.

यंदा त्याचं तिसावं वर्ष. उजव्या हाताला कंप सुटलेला. बायको, माणिक, म्हणाली, "आता पुरे झालां हां." त्यालाही ते पटलं. हे शेवटचं. पण शेवटचं तरी कुंड्यांशिवाय व्हावं. तिथे जाऊन आलेल्या एका तरी माणसाने समोर उभं राहून म्हणावं, हो, असंच आहे. तीस वर्षांत हे एकदाही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि त्याला ते मनापासून हवं होतं.

अशात सुगंधाबाई इटलीहून परतल्या.

सुगंधाबाई शेजारच्या सोसायटीतल्या. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या, रिटायर होऊन सात वर्षं झाली. लहानपणी तापात दृष्टी गेली ती गेलीच. जूनमध्ये त्या टूरबरोबर एकट्या इटलीला गेल्या, तेव्हा सोसायटीत खसखस पिकली होती. "तिकडे जाऊन ह्या काय बघणार?" पाठीमागे बोलले असते तर एक वेळ चाललं असतं, पण लिफ्टमध्ये तोंडावर बोलले, हसत हसत. लोकांना काही वाटत नाही, हे खरंच नवल आहे.

काशीराम त्यांच्याकडे गेला तो निव्वळ रीत म्हणून. वही उघडली, "बाई, पिसाला तुम्ही काय काय..." आणि 'बघितलं' म्हणता म्हणता त्याने जीभ चावली.

सुगंधाबाई खळखळून हसल्या. "बसा हो मेस्त्री. चहा टाकते, मग सांगते."

आणि सांगितलं त्यांनी! "तो मनोरा खोलगटात उभा आहे. भोवती गोल, संगमरवरी खळगा. आपण वर उभे असतो आणि तो आपल्या पायाच्याही खालून सुरू होतो. दाराशी दगडाला हात लावला, तर भर उन्हात गार. जिना भिंतीच्या पोटातून गोल गोल वर जातो. मनोरा कललाय, म्हणजे जिनाही कललेला. कधी आतल्या भिंतीवर ढकलल्यासारखं होतं, अर्धा फेरा झाला की बाहेरच्या. बाकीचे वर पोचल्यावर खाली बघून ओरडत होते. मला पहिल्याच फेऱ्यात कळलं किती कललाय ते."

"आणि पायऱ्या?" काशीरामची पेन्सिल थांबेना.

"पायऱ्यांचं काय सांगू! इतकी शतकं माणसं चढतायत, संगमरवर झिजून खळगे पडलेत. मी घडीची काठी मिटवली. पाय आपसूक खळग्यात जात होते. माझ्याआधी जेवढी माणसं चढली, ती सगळी मला वाट दाखवत होती."

काशीरामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या संध्याकाळी पिसात नदीकाठी दिव्यांचा सण होता, तेही त्यांनी सांगितलं. घराघराच्या खिडक्यांना मेणाचे दिवे, पुलावर ही गर्दी, आणि सगळ्या हवेत मेणाचा वास. "आपल्या दिवाळीला उटणं नि फटाक्यांची दारू, तिथे नुसतं मेण आणि नदीचा गारवा," त्या म्हणाल्या. चार पानं भरली. तीस वर्षांत एकाही माणसाने चार ओळी सांगितल्या नव्हत्या.

शेवटी त्याने नेहमीसारखं वर लिहायला घेतलं आणि मोठ्याने वाचलं, "सुगंधाबाई, पिसा बघितलं."

"बघितलं नका लिहू," त्या पटकन म्हणाल्या. हसू मावळलं होतं. "वही लोकांच्या हातात जाते. उगाच चेष्टा. 'पिसाला गेल्या' एवढंच लिहा."

काशीरामने तसं लिहिलं. पण ते त्याला फार लागलं. घरी येऊन तो जेवलाही नाही धड.

मंडळाच्या मीटिंगमध्ये त्याने जाहीर केलं : यंदा पिसा, आणि सुगंधाबाई सांगतील तसा. निलेश चाळिशीचा, चटपटीत, मनाने वाईट नाही पण जीभ सैल. "मामा, अहो त्यांना दिसत नाही. त्यांना विचारून मनोरा बांधणार?"

"दिसणाऱ्यांना तीस वर्षं विचारलं, रे. काय मिळालं? रांग आणि थंडी."

मनोरा उभा राहिला. वीस फुटी, पांढराशुभ्र, पायथा खळग्यात, कल अगदी अंशात मोजून. बाप्पा मनोऱ्याच्या पोटात बसणार आणि दर्शनाची रांग मनोऱ्याच्या भिंतीला धरून सात वळणदार पायऱ्या चढून आत जाणार. पायऱ्या लाकडाच्या, वर गोणपाट, त्यावर शाडूचा जाड थर, आणि मनोऱ्याबरोबर त्याही कललेल्या. कुंडी एकही नाही.

हरतालिकेच्या सकाळी सुगंधाबाईंना हाताला धरून आणलं. खळगा त्यांनी काठीने चाचपला, भिंतीवर तळवा फिरवला, मान डोलावली. मग चपला काढून पायऱ्या चढल्या. काशीराम पायथ्याशी उभा.

"सगळं बरोबर आहे, मेस्त्री. फक्त पायऱ्या कोऱ्या आहेत."

झालं! दुपारभर काशीरामने ओलं फडकं आणि डाव घेऊन पायऱ्यांना मधोमध खळगे पाडले. हात थरथरत होता, तरी सातही खळगे एका मापाचे. सुगंधाबाई पुन्हा चढल्या आणि दुसऱ्याच पायरीवर थांबल्या. "हे तुम्ही केलंत," त्या हळूच म्हणाल्या. "सगळे सारखेच, सगळे मधोमध. माणसं अशी चालत नाहीत हो. जिना जिकडे कलतो तिकडे पाय जातो." मग काशीराम मागे सरल्याची चाहूल लागून म्हणाल्या, "मी आपली सांगते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका म्हणे! काशीराम घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. "ह्यां माका जमाचां नाय," तो माणिकला म्हणाला. संध्याकाळी उठला, सातही खळगे बुजवले, पायऱ्या सपाट केल्या आणि हात टेकले.

दुसऱ्या दिवशी बाप्पा आले आणि रांग सुरू झाली. अनवाणी पाय, दिवसाला हजारो. म्हाताऱ्या भिंतीला धरून चढत, पोरं धावत चढत. चौथ्या दिवशी काशीराम सहज म्हणून पायऱ्यांपाशी वाकला आणि तसाच वाकून राहिला. पहिली पायरी डावीकडे दबली होती. चौथी भिंतीलगत. सहावी पार दुसऱ्या टोकाला. त्याने काही केलं नव्हतं. माणसं जिकडे कलली होती तिकडे शाडू झिजला होता. तो तिथेच खाली बसला.

आणि नेमका तेव्हाच निलेश लाल गालिचाची गुंडाळी घेऊन हजर. रविवारी कोणी मोठे पाहुणे यायचे होते.

"मामा, उठा. पायऱ्यांची पार वाट लागलीय. गालिचा टाकतो."

"नाही टाकायचा."

"अहो, काय दिसतंय ते बघा तरी! पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे गेले खड्ड्यात. गालिचा टाकायचा तर माझ्या अंगावर टाक." तीस वर्षांत काशीरामचा आवाज कधी चढला नव्हता. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "ह्या पायऱ्या मला करता आल्या नाहीत, निलेश. लोक करतायत. अजून सहा दिवस दे. बाईंना एकदा चढू दे, मग काय हवं ते घाल."

निलेश पुटपुटत गालिचा परत घेऊन गेला. पाहुणे आले, तसेच चढले, कोणी काही म्हणालं नाही.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी, ढोल-ताशे यायच्या आत, सुगंधाबाई आल्या. चपला काढल्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काठी थांबली. दुसरी. तिसरी. चौथीवर त्या भिंतीकडे झुकल्या, आणि त्यांनी सावकाश काठी मिटवली. उरलेल्या तीन पायऱ्या त्या काठीशिवाय, कोणाचा हात न धरता चढल्या.

वर उभं राहून म्हणाल्या, "हो. असंच आहे."

काशीरामने नुसते हात जोडले, बाप्पाला की बाईंना, कोण जाणे.

बाई खाली उतरल्या आणि त्यांनी हाक मारली, "निलेश कुठाय? ये इकडे. चप्पल काढ. डोळे मीट. घट्ट. आता चढ."

निलेश हसत हसतच चढायला लागला. तिसऱ्या पायरीला हसू थांबलं. चौथीला त्याचा हात आपोआप भिंतीवर गेला, पाय खळग्यात उतरला. "अरे," तो म्हणाला. "मामा, हा कललाय! खरंच कललाय!" दहा दिवस दिवसातून पन्नास वेळा तो त्याच पायऱ्या चढला होता.

"कळलं?" सुगंधाबाई म्हणाल्या. "हे बघितलं मी तिथे."

निलेशने डोळे उघडले. खाली आला आणि त्यांच्या पाया पडला.

"मेस्त्री, वही आणलीय का?" बाईंनी विचारलं. "त्या पानावर वर काय लिहिलंय, ते खोडा."

काशीरामने वही गुडघ्यावर धरली, 'पिसाला गेल्या' खोडलं आणि त्यावर थरथरत्या हाताने 'पिसा बघितलं' असं लिहिलं. अक्षर एका बाजूला कललं. सूतभर चूक न खपवणाऱ्या माणसाने ते तसंच राहू दिलं.