मधल्या खोलीतला गारवा

आमचं पेडण्यातलं घर मोठं आणि पंखा एकच, तोही वीज असेल तेव्हा. गोवा राज्य झाल्याचे फटाके वाजून गेले होते, पण वैशाखात दुपारी वीज जायची ती जायचीच. मग आईने आपली पद्धत बसवली होती. कौलांवर माडाच्या झावळ्या, सकाळीच सगळी जनेलं, म्हणजे खिडक्या, बंद, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर पाण्याचा शिडकावा. त्या खोलीच्या भिंतीला जमिनीलगत वीतभर भोक ठेवलं होतं. विहिरीकडचा गार वारा तिथून यायचा. दुपारी मला आणि माझ्या तान्ह्या भावाला तिथेच निजवत.

एका दुपारी मी नुसतीच पडून होते. परसातून आई ओरडली, "जनावर भितर गेलां गो! भुरगीं सांबाळ!"

हे काकीसाठी होतं. काकी कोल्हापूरकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. शाळेत मराठी हवी की कोंकणी, यावरून आमच्याकडे जेवताना भांडणं होत, पण जनावर म्हणजे साप, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. काकीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या माहेरी जनावर म्हणजे गाय, नाहीतर म्हैस. ते घरात शिरून पोरांना तुडवील म्हणून ती धावत आली, आमचं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

तेव्हा साप त्या भोकातून अर्धा आत आला होता.

तो सरळ ओल्या जमिनीकडे सरकत निघाला, आणि त्या ओलीच्या कडेला भाऊ झोपला होता. मी किंचाळले, "काकी, जनावर! जनावर!"

"घाबरू नगंस बाळा," दारापलीकडून काकी म्हणाली, "म्या कडी लावलिया. त्ये आत येत न्हाई."

इतक्या मायेच्या शब्दांची मला पुन्हा कधी एवढी भीती वाटलेली नाही. मी भावाचं दुपटं धरून त्याला भिंतीपर्यंत ओढलं आणि डोळे मिटून घेतले. दारावर धक्के ऐकू आले, मग कडी, मग आईचा आवाज. डोळे उघडले तेव्हा साप आला तसा भोकातून निघून जात होता.

धामण होती, विष नव्हतं, असं शेजारी म्हणाले. मोठ्यांना बरं वाटलं, मला नाही. आईने भोकात गोणपाट कोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली भट्टीसारखी तापली. भाऊ लालबुंद होऊन रडत होता, दूधही घेईना. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने गोणपाट उपसून काढलं आणि आमच्या आणि भोकाच्या मध्ये, भोकाकडे पाठ करून आडवी झाली.

"आई, तुका भंय दिसना?" तुला भीती वाटत नाही का, असं मी विचारलं.

"दिसता," ती मला थोपटत म्हणाली. "न्हिद तू."