मंत्रशक्ती शून्य : कुसुम साळवी

आधीच सांगते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या अप्पांनी जन्मभर बुवाबाजीविरुद्ध पत्रकं छापून वाटली. त्यांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. तरीही हे लिहितेय...

शहाऐंशी सालचा मे. गाव हेदवी. माझा आतेभाऊ प्रकाश बोटीवर नोकरीला. सुट्टीवर येताना त्याने एक परदेशी खेळ आणला — एक पुस्तक आणि दहा बाजूंचे फासे. एकाने भुताची गोष्ट रचत न्यायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. पडवीत आम्ही तिघंच : प्रकाश, शेजारची नंदा आणि मी. पात्रं लिहायला उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजू.

नंदा मांत्रिक झाली. मी म्हटलं, "मला साधं माणूस हवंय."

"अगो वसू, साध्या माणसाला भूत एका घासात खाईल," प्रकाश म्हणाला.

"खाऊ दे! सगळं मांत्रिकच निस्तरणार असेल, तर आम्ही पत्रकं कशाला वाटली?"

मी लिहिलं — कुसुम साळवी, वय चौतीस, टेलिफोन ऑपरेटर. येतं काय : कोण कधी कुठे सापडेल ते पाठ. भीती : पालीची. मंत्रशक्ती : शून्य. कधीच करणार नाही : अडलेल्याचा फोन अर्ध्यावर तोडणार नाही.

नंदा हसून लोळली. "भुताला काय सांगेल गो? लाईन बिझी आहे, उद्या या?"

आम्ही तीन रविवार खेळलो; पण मांत्रिक पहिल्याच रविवारी मेला. कुसुम तिन्ही रविवार टिकली! मग प्रकाश पुस्तक, फासे, कागद सगळं घेऊन बोटीवर परतला.

आठवड्याने, भर दुपारी, अप्पांच्या छातीत कळ आली. नंदाला त्यांच्यापाशी बसवून मी फोन असलेल्या एकमेव घरी धावले. गुहागरच्या डॉक्टरांकडे नुसतीच रिंग वाजत होती. मी रिसीव्हर ठेवणार, तोच बाईचा आवाज —

"ठेवू नका. डॉक्टर वेळणेश्वरला लेकीकडे जेवायला गेले असणार. लावते तिकडे. घाम सुटलाय का त्यांना?"

"हो... तुम्ही कोण?"

"कुसुम. अगो बाई — भिंतीवर पाल आहे हो... असू दे. मी उठत नाही. बोला, डॉक्टर आलेत लाईनवर."

डॉक्टर जीपने वेळेत पोचले. अप्पा वाचले.

नंतर मी पेढे घेऊन एक्स्चेंजमध्ये गेले. तिथे तिन्ही ऑपरेटर पुरुष. कुसुम नावाची बाई तिथे कधी नव्हतीच. प्रकाश समुद्रावर, नंदा अप्पांपाशी. तो कागद चौथ्या कोणी पाहिलेला नव्हता.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "देवीच गो ती. ओटी भर."

अप्पा खाटेवरून कडाडले, "वैनी, ती ऑपरेटर होती. बाईने काम चोख केलं. तिला देवी करून तिचं श्रेय काढून घेऊ नका!" मग माझ्याकडे वळले. "वसू, घडलं तसं लिही. उलगडा होत नाही, हेही लिही. सोयीचं तेवढंच सांगायला आपण काय भगत आहोत?"

दोन वर्षं झाली, उलगडा नाही. लोक मला टोमणे मारतात — "काय पत्रकवाली, आता तरी मानतेस ना?" मी मान ताठ ठेवून सांगते : मानते. साध्या माणसाला मानते.